रुमालाची गाठ

आमच्या घरी माळ्यावर एक लोखंडी पेटी होती. तिच्यात आजोबांचा रुमाल असे. आता रुमाल म्हटले की खिशातला हातरुमाल डोळ्यांपुढे येतो. पण पटवाऱ्याच्या घरातला रुमाल म्हणजे मांजरपाटाचा मोठा चौकोन, त्यात रचलेले कागद आणि चारी टोके एकमेकांवर घेऊन मारलेली गाठ. आजोबा निजामाच्या अमदानीतले पटवारी. त्यामुळे आतले काही कागद उर्दूत, काही मोडीत. लहानपणी दिवाळीच्या झाडलोटीला तो रुमाल खाली यायचा, उन्हात ठेवला जायचा, आणि गाठ न सोडताच परत पेटीत जायचा. गाठ सोडून करायचे काय? आजोबा गेल्यावर घरात मोडी वाचणारे कोणी उरलेच नव्हते. कागद शाबूत, कापड शाबूत, गाठही शाबूत. गेला तो फक्त वाचणारा.

वाचकहो, ही हकीकत सांगून मी मोडीच्या इतिहासाकडे वळणार असे तुम्हाला वाटले असेल. मी सांगणार आहे ती गोष्ट संगणकाची आहे. संगणकातही रुमाल असतात, तेही गाठ मारून ठेवता येतात आणि त्यांचीही गाठ एके दिवशी सुटेनाशी होते. पंचवीस-तीस वर्षांचाच हा इतिहास, पण त्यात आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखाला शिकण्यासारखे बरेच आहे. मी गणिताचा शिक्षक; भालकी तालुक्यातील एका मराठी शाळेतून निवृत्त झालो. संगणकातला पंडित नव्हे. जे हाताने केले, चुकले आणि पुन्हा केले, तेवढेच सांगतो.

* * *

प्रारंभ १९९८ सालचा. हैदराबादहून एक जुना संगणक घरी आणला आणि त्यावर मराठी लिहायची सोय करून घेतली. हेतू एकच. आमच्या भागातले मराठी शब्द मी बरीच वर्षे वहीत टिपत होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे गेले आणि बीदर, भालकी, औरादचा भाग म्हैसूर राज्यात आला. रेघ नकाशावर पडली. जिभेवर मात्र ती कधीच पडली नव्हती. तूप हा शब्द कन्नडातल्या ‘तुप्प’चा सख्खा, अडकित्त्यातली ‘अडके’ म्हणजे कन्नड सुपारी, आपले ‘हुडकणे’ तिकडच्या ‘हुडुकु’चे भावंड, अक्का आणि अण्णा तर दोन्ही घरचे. असे शब्द, त्यांच्या म्हणी, जात्यावरच्या बायकांच्या तोंडचे वाक्प्रचार मी आईकडून आणि गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून ऐकून टिपले होते. ते सारे संगणकावर उतरवले. चारशेच्या वर पाने झाली. फ्लॉपीच्या चौदा चकत्यांवर ती घेतली आणि वह्या, आता काय काम म्हणून, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवल्या. त्या पुढे वाळवीने खाल्ल्या.

दोन पावसाळ्यांनी संगणक बंद पडला. दुसऱ्या यंत्रावर फ्लॉपी घातली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची, चिन्हांची खिचडी. एकही ओळ वाचता येईना. कारण पुढे समजले. त्या काळी मराठी लिहिण्याचे बहुतेक टंक संगणकाला फसवत असत. आत साठायचे इंग्रजी अक्षरांचेच आकडे. टंक फक्त त्या आकड्यांवर मराठी आकाराचा मुखवटा चढवायचा. प्रत्येकाचा मुखवटा वेगळा. तो टंक ज्या यंत्रावर, तिथेच मराठी. टंक गेला की भाषा गेली. लेख मी जपला होता, पण तो वाचायची किल्ली त्या मेलेल्या यंत्रातच राहिली होती. आजोबांच्या रुमालाची मला त्या दिवशी प्रथम आठवण झाली.

असे व्हायला नको याची जाणीव तज्ज्ञांना नव्हती असे नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सामाईक संकेतपद्धती १९९१ साली भारतीय मानक ठरली होती. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती जगापुढे आली, आणि तिच्यात आपल्या लिप्यांची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर झाली. त्यामुळे एक गोड योगायोग जुळून आला आहे. युनिकोडात देवनागरीला १२८ घरांची एक आळी मिळाली आणि कन्नडला तेवढीच दुसरी. देवनागरीच्या आळीत ‘क’ ज्या क्रमांकाच्या घरात, कन्नडच्या आळीत कन्नड ‘क’ त्याच क्रमांकाच्या घरात. ‘ळ’चेही तसेच. इन्स्क्रिप्ट कळफलकावरही मराठी क आणि कन्नड क एकाच बोटाखाली येतात. आपल्या मुलांना दोन लिप्या शिकाव्या लागतात, पण बोटांना एकच वळण पुरते. हे सारे कागदावर होते. आमच्या गावापर्यंत यायला मात्र दहा वर्षे लागली.

* * *

आता मूळ विषयाकडे येतो. हेलसिंकीचा एक विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, तो सर्वांना खुला केला, आणि जगभरच्या लोकांनी त्याभोवती संपूर्ण प्रणाली उभी केली. ती फुकट मिळे. पण यंत्रात बसवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली यावर युक्ती काढली. त्यांची ‘क्नॉपिक्स’ ही सीडी यंत्रात घालावी, यंत्र चालू करावे, की सारे तयार. आतल्या हार्ड डिस्कला हात लागत नसे. सीडी काढली की यंत्र पूर्ववत.

पण सीडीवर जागा ७०० एमबी आणि प्रणाली दोन जीबीच्या घरातली. हत्ती पेटीत कसा घालायचा? दाबून. दाबण्याचे शास्त्र जुने आहे. हायफा येथील लेंपेल आणि झिव्ह या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली त्याची एक रीत मांडली. ती आपल्याला अपरिचित नाही. भजनाच्या छापील पुस्तकात ध्रुवपद एकदाच छापतात. पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसते ‘॥धृ॥’. जमाखर्चाच्या वहीत तेच नाव पुन्हा आले तर खाली ‘कित्ता’. जे एकदा आले ते पुन्हा लिहायचे नाही, मागे बोट दाखवायचे. लेंपेल-झिव्ह यांच्या रीतीचे मर्म हेच: ‘इतकी अक्षरे मागे जा आणि तिथून इतकी अक्षरे घे.’

नुसते दाबणे मात्र पुरेसे नव्हते. दाबलेले गाठोडे वापरण्यापूर्वी सगळे सोडून पसरावे लागे, आणि पसरायला पुन्हा तेवढीच जागा हवी. म्हणून क्नॉपर यांनी ‘क्लूप’ नावाची सोय वापरली. तिचा पहिला आराखडा ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांचा. गाठोडे न सोडता तेच एक चकती आहे असे यंत्राला भासवायचे, आणि जो कागद मागितला तेवढाच त्या क्षणी उलगडून द्यायचा. याला ‘माउंट’ करणे म्हणतात. शब्द जुन्या मोठ्या यंत्रांच्या काळातला: तेव्हा टेपची रिळे आणि चकत्या माणसे हाताने यंत्रावर चढवीत. आता रीळ गेले, चढवणे राहिले.

२००२ साली फिलिप लाउगर यांनी ‘स्क्वॅशएफएस’ प्रसिद्ध केले आणि ही कला पक्की झाली. सबंध फोल्डर, त्यातील फायली, त्यांची नावे आणि हक्क यांसह एका फाईलीत दाबायचे. आतला मजकूर ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत कापतात, आज सहसा १२८ केबीच्या, आणि प्रत्येक ठोकळा स्वतंत्र दाबतात. पुढे अनुक्रमणिका असते. म्हणून शेवटच्या पानासाठी पहिल्यापासून उलगडावे लागत नाही. एकच फाईल दोनदा आली तर ती एकदाच साठते. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हे गाठोडे फक्त वाचता येते. त्यात काही लिहिता येत नाही. मुलांच्या हाती द्यायच्या यंत्रात हा दोष नसून गुणच आहे.

मग लिहायचे कुठे? वर्गात नकाशावर बटरपेपर ठेवून आपण नद्या गिरवीत असू, ते आठवा. खाली छापील नकाशा, वर पारदर्शक कागद. पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र दिसते, पण पेन्सिल टेकते ती वरच्या कागदावर. संगणकातही तसेच थर लावतात. खाली दाबलेली गाठोडी, सर्वांत वर लिहिण्याजोगा एक पातळ थर. खालची फाईल ‘पुसली’ तर प्रत्यक्षात वरच्या थरावर त्या जागी पांढरी चिठ्ठी चिकटते, एवढेच. यासाठी आधी ‘युनियनएफएस’, मग ‘ऑफस’ आणि शेवटी ‘ओव्हरलेएफएस’ अशा सोयी आल्या; शेवटची २०१४ साली लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाली.

या पायावर छोट्या प्रणालींचे एक गोकुळच उभे राहिले. ‘डॅम स्मॉल लिनक्स’ने ५० एमबीची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. चेक प्रजासत्ताकातून ‘स्लॅक्स’ आले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ साली ‘पपी’ काढले. नाव त्यांच्या लहानग्या कुत्र्याचे. २००८ साली रॉबर्ट शिंगलडेकर यांचे ‘टायनी कोअर’ आले, ते तर दहा एमबीच्या आसपास. रीत सर्वांची तीच: गाभा लहान ठेवायचा, आणि लेखन, चित्रे, गाणी, भाषा अशी एकेका कामाची स्वतंत्र गाठोडी करून लागेल ते चढवायचे. पपीत त्यांना ‘एसएफएस’ म्हणत, टायनी कोअरमध्ये ‘टीसीझेड’.

* * *

पपी आमच्याकडे आले २००८ साली. माझा पुतण्या तेव्हा बीदरला अभियांत्रिकी शिकत होता. आमच्या शाळेला कुठूनतरी चार जुने संगणक देणगी मिळाले होते. १२८ एमबी स्मृतीचे, चालू व्हायलाच चहा होईल इतका वेळ घेणारे. ते खोलीत झाकून ठेवले होते. पुतण्या म्हणाला, “काका, एक सीडी घालून बघू या.” पपी तेव्हा शंभर एमबीच्या आत मावत असे. तिने त्या चारही म्हाताऱ्यांना उठवून बसवले. मुले गोळा झाली. मी मोठ्या हौसेने एक मराठी फाईल उघडली, तर पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन! चौकोनात बारीक आकडे: ०९१५, ०९३०. पुतण्या हसला. “काका, हे शुभ लक्षण आहे. आत ‘क’ आहे, ‘र’ आहे. दाखवायला टंक नाही, एवढंच.”

हा फरक मला फार मोठा वाटला. माझ्या फ्लॉपीत टंक गेला तर क सुद्धा गेला होता. इथे क आपल्या घरी सुखरूप बसला होता. त्याला फक्त अंगरखा हवा होता. आणि अंगरखे तोवर मिळू लागले होते. मुंबईत २००० च्या सुमारास ‘इंडलिनक्स’च्या स्वयंसेवकांनी लिनक्स हिंदीतून बोलते करण्याचे काम आरंभले होते, रेड हॅट कंपनीने २००४ पासून ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याने दिले, केंद्र सरकारने २००५ पासून भारतीय भाषांच्या साधनांच्या मोफत सीडी काढल्या, सीडॅकची ‘बॉस’ ही प्रणाली २००७ साली आली, ती मराठी-कन्नड दोन्ही जाणणारी. पण आमच्या यंत्रांना ते मोठे संसार झेपणारे नव्हते. आम्हाला हवे होते एवढेसे गाठोडे.

ते करण्याची रीत सोपी आहे. एक रिकामे फोल्डर घ्यायचे. त्यात प्रणालीतल्यासारखीच उतरंड रचायची: टंक जिथे राहतात तिथे टंक, कळफलकाची मांडणी तिच्या जागी, शुद्धलेखन तपासण्याची शब्दयादी तिच्या जागी. मग ‘मेकस्क्वॅशएफएस’ ही आज्ञा दिली की सगळ्याची मिळून एक फाईल. पपीला ती दाखवायची, आणि यंत्र पुन्हा चालू केले की जणू सारे पहिल्यापासून तिथेच होते. मराठीचे गाठोडे लहानसेच झाले, पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल असे. शेजारच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकांना हे समजले तेव्हा त्यांनी त्यांचेही मागितले. पुतण्याने मराठीचेच फोल्डर उचलले, त्यात कन्नडचे टंक आणि याद्या घातल्या, आणि दुसरे गाठोडे बांधले. चारही यंत्रांवर दोन्ही चढवली.

दुसऱ्या दिवशी ते कन्नड शिक्षक माझ्यापुढे उभे. “सर, नम्म कन्नड एल्ली होत्री?” आमचे कन्नड कुठे गेले? पाहतो तर मराठी झकास चालू, कन्नडचा कळफलक गायब. आम्ही दोघेही ओशाळलो. चूक अशी की दोन्ही गाठोड्यांत कळफलकाच्या फाईलीला एकच नाव होते. थरांचा नियम कडक असतो: एका जागी एका नावाच्या दोन फायली असल्या तर वरच्या थरातली दिसते, खालची झाकली जाते. वर मराठी चढली होती, म्हणून कन्नड झाकले गेले. क्रम उलटा केला, तर मराठी गेली आणि कन्नड आले.

त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर आम्ही तिघे बराच वेळ बसलो होतो. सीमाभागात आयुष्य काढलेल्या माणसाला या नियमात काही नवे वाटू नये. एकाच जागेवर एकाच नावाने दोघांना बसवले की एक झाकला जाणारच. मग वर कोण, यावरून भांडण. यंत्रात त्याचा उपाय मात्र अर्ध्या तासाचा निघाला. प्रत्येकाला आपापले नाव दिले, दोन्ही भाषा एकाच गाठोड्यात शेजारी शेजारी रचल्या, आणि निवड करायची कळ मुलांच्या बोटाखाली दिली. गाठोड्याचे नाव शिक्षकांनी सुचवले: ‘गंटु’. कन्नडात गंटु म्हणजे गाठ, आणि गंटु म्हणजे गाठोडेही. आमच्या ‘गाठी’चेच ते सोयरे.

याच बैठकीत आणखी एक शब्द कळला. संगणकातल्या फाईलीला कन्नडात ‘कडत’ म्हणतात. कडत ही जुनी वस्तू. कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप देऊन ते पाटीसारखे काळे करायचे, पंख्यासारख्या घड्या घालायच्या आणि पांढऱ्या बळपाने त्यावर हिशेब लिहायचे. शृंगेरीच्या मठाचे जुने कडत प्रसिद्ध आहेत. आमच्याकडे रुमाल, त्यांच्याकडे कडत, दोन्ही कापडाचेच. मराठीने फाईलला ‘धारिका’ हा नवा शब्द घडवला, तो कोशात राहिला. कन्नडाने आजोबांचाच शब्द संगणकावर बसवला. मला याचा थोडा हेवा वाटला, हे कबूल करतो.

* * *

आता माझ्या फ्लॉपींचे. पुतण्याने सुट्टीत ते काम अंगावर घेतले. चौदापैकी नऊ चकत्या वाचल्या गेल्या, पाचांना बुरशी लागली होती. जुन्या टंकाची छापील पाने माझ्याकडे थोडी होती. ती आणि फाईलीतील खिचडी शेजारी ठेवून आम्ही तक्ता केला: हे चिन्ह म्हणजे क, हे म्हणजे काना. गंमत ऱ्हस्व वेलांटीची. जुन्या टंकात ती डोळ्याला दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडात ती उच्चारल्याप्रमाणे अक्षरानंतर येते. प्रत्येक ‘कि’, ‘मि’ उलटा करावा लागला. रफाराचेही तसेच. महिनाभर हे चालले. शेवटी आईने सांगितलेले शब्द पडद्यावर पुन्हा उभे राहिले. आई तेव्हा हयात नव्हती. पाच चकत्यांतले शब्द कायमचे गेले. त्यांत म्हणींची यादी होती.

वाचलेले शब्द आम्ही त्याच गंटुत घातले. टंक, कळफलक आणि मजकूर एका गाठीत. आता किल्ली आणि कुलूप वेगळे पडण्याची भीती नाही, असे मला वाटले.

२०१० साली पपीची पाचवी पिढी आली. तीही आम्ही उत्साहाने घेतली, गंटु चढवायला गेलो, आणि प्रणालीने तो साफ नाकारला. मला घाम फुटला. फाईल धड होती, एक बाइटही इकडचा तिकडे नव्हता. पण आत शिरता येईना. कारण असे की स्क्वॅशएफएस लिनक्सच्या मुख्य गाभ्यात २००९ साली, २.६.२९ या आवृत्तीत, सामील झाले तेव्हा त्याची चौथी पिढी चालू झाली होती, आणि तिची आतली मांडणी तिसऱ्या पिढीपेक्षा वेगळी होती. आमचा गंटु तिसऱ्या पिढीचा. जगभरचे पपीवाले तेव्हा आपल्या गाठोड्यांच्या नावांत ‘एसएफएस३’, ‘एसएफएस४’ असे लिहून हाच घोळ निस्तरीत होते. आम्ही नावात काही लिहिले नव्हते.

सुटका झाली ती त्या साधनाच्या कर्त्याच्या दूरदृष्टीने. गाभा जुनी गाठोडी चढवून घेईना, पण ‘अनस्क्वॅशएफएस’ ही सोडवण्याची आज्ञा जुन्या गाठीही ओळखत होती. आम्ही गंटु सोडला, फोल्डर पसरले, आणि नव्या रीतीने पुन्हा बांधला. अवघे पाच मिनिटांचे काम. पण त्या पाच मिनिटांपूर्वीचा तास मी विसरलो नाही. पुतण्या नसता तर? मी एकटा, हातात धडधाकट फाईल, आणि ती आजोबांच्या रुमालासारखी मुकी.

* * *

यातून आम्ही काही नियम लावून घेतले. पहिला: गाठोड्याबाहेर, साध्या मजकुराच्या एका लहान फाईलीत, आत काय आहे, कोणत्या रीतीने बांधले, कशाने सुटेल आणि कोणत्या साली बांधले हे लिहायचे. जुन्या दफ्तरांत रुमालाबरोबर यादीची चिठ्ठी असे, तीच ही. टायनी कोअरच्या मंडळींनी हे आधीच ओळखले होते. त्यांच्या प्रत्येक गाठोड्यासोबत माहितीची एक चिठ्ठी, कशावर अवलंबून आहे त्याची दुसरी आणि गाठोडे अखंड आहे की नाही ते तपासण्याच्या आकड्याची तिसरी असते. दुसरा नियम: दर दिवाळीला गाठ सोडून पाहायची. नुसते उन्हात ठेवून परत पेटीत घालायचे नाही. तिसरा: मजकूर केवळ गाठोड्यात ठेवायचा नाही, त्याची एक सुटी प्रतही ठेवायची. आणि चौथा: प्रती एका घरात नकोत.

हा चौथा नियम बीदरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. महमूद गवानाने १४७२ साली बांधलेला मदरसा आम्ही जाता-येता पाहतो. त्यात मोठा ग्रंथसंग्रह होता. औरंगजेबाच्या काळात दारूचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग उडाला. उरलेल्या मनोऱ्यावरच्या निळ्या फरशा आजही चमकतात. ग्रंथ मात्र नाहीत. एका छपराखाली ठेवलेले एका ठिणगीत जाते.

दाबलेल्या, चढवायच्या फाईलीचे हे तंत्र आज आडबाजूचे राहिलेले नाही. उबुंटूने २०१६ पासून ‘स्नॅप’ नावाची जी गाठोडी पुढे आणली ती आतून स्क्वॅशएफएसच. छोट्या प्रणालींच्या हौशी मंडळींनी जुन्या, टाकाऊ यंत्रांसाठी जी काटकसर केली, ती थोरामोठ्यांच्या घरी रुजू झाली. आमच्या शाळेतले चार म्हातारे केव्हाच भंगारात गेले. सीडीही गेली. गंटु मात्र आहे. चौथ्यांदा बांधला आहे आणि आता तो सहा घरी आहे, दोन इकडे बीदर-भालकीला, एक कलबुर्गीला, एक आळंदला, एक उदगीरला आणि एक पुण्यात पुतण्याकडे. कन्नड शिक्षकांच्या सुनेने त्यात त्यांच्या सासूबाईंचे शब्द घातले आहेत. ‘हुडुकु’ आणि ‘हुडकणे’ आता शेजारी शेजारी आहेत, आणि कोणी कोणाला झाकत नाही.

आजोबांचा रुमाल यंदा मी खाली काढला. गाठ सोडली. पुण्याहून दिवाळीला आलेल्या नातीने मोडीचा एक वर्ग केला आहे. ती पहिल्याच कागदावर वाकून बसली. बराच वेळ गेला. मग तिने बोट ठेवून एक शब्द लावला: “आजोबा, हे ‘मौजे’ आहे. पुढं गावाचं नाव आहे.”

गाव आमचेच होते.